अर्धा आणा आणि आठ लाख

विलायतेतील राजघराण्यावर दरसाल होणारा खर्च हा तेथील वर्तमानपत्रांचा जुना आवडता विषय होय. तिसऱ्या जॉर्जने १७६० साली आपल्या वंशपरंपरागत जमिनींचे उत्पन्न पार्लमेंटच्या स्वाधीन केले व त्याच्या मोबदल्यात ठराविक नेमणूक पत्करली; तेव्हापासून या नेमणुकीचा हिशेब दर पिढीस नव्याने मांडला जातो. २०१२ सालापासून ती त्याच जमिनींच्या नफ्याच्या एका हिश्शावर बसविली गेली, आणि २०२५-२६ सालाकरिता तिचा आकडा १३ कोटी २१ लक्ष पौंड इतका होता. पहाऱ्याचा खर्च यात धरीत नाहीत. त्याच पत्रांच्या दुसऱ्या पानावर बेकार, पंगू आणि निराधार यांस मिळणाऱ्या निर्वाहवेतनाविषयी तक्रार असते. मग एक पक्ष म्हणतो की, देशातील सर्वांत मोठा आयतखाऊ राजवाड्यात राहतो. दुसरा उत्तर देतो की, माणशी दोन पौंड म्हणजे काहीच नव्हे, शिवाय राजवाडा पाहण्यास परदेशचे लोक येतात त्यांपासून प्राप्तीच होते. दोघेही बेरीज-वजाबाकी करीत बसतात, व वाचणाराही आपल्या मताप्रमाणे एकीकडची बेरीज खरी मानून पान उलटतो.

ही बेरीज आम्हांस नेहमीच काहीशी निष्फळ वाटत आली आहे. तिजोरीतून पैसा घेणाऱ्या माणसास आपण कोणत्या नावाने हाक मारतो, आणि पैसा त्याच्या हातावर ठेवण्यापूर्वी त्यास काय काय विचारतो, हे पाहिले म्हणजे राज्यकर्त्यांचे मन अधिक कळते. त्यासाठी लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या सडकेने सुमारे पन्नास किलोमीटर गेले म्हणजे शिरूर तालुक्यातील रांजणगाव लागते, तेथवर गेले तरी पुरे.

रांजणगाव आपल्या बहुतेक वाचकांस अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून ठाऊक असेल. अलीकडे तेथील औद्योगिक वसाहतीमुळेही ते नाव कानावर येते. येथील गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधविला आणि सभामंडप इंदूरच्या सरदार किबे यांनी. म्हणजे या देवळाचा पुष्कळसा भाग सरकारी किंवा सरदारी पैशाने उभा आहे. तो पैसा कोठून आला, असा प्रश्न दर्शनाच्या रांगेत कोणी विचारीत नाही, आणि विचारणे शोभलेही नसते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तो टाळता येत नाही. घोड आणि भीमा यांच्या दरम्यानची ही जमीन कालवे होण्यापूर्वी बहुतांशी जिराईत होती. बाजरी-ज्वारीचे पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. माधवरावांच्या गाभाऱ्याचा दगड आणि दुसऱ्या बाजीरावाच्या मेजवानीचे तूप, दोन्हींची किंमत अखेर अशाच पिकातून निघत असे. बाजीरावाने तर मामलती लिलावाने विकण्यास आरंभ केल्यावर जो अधिक बोली देईल तो मक्तेदार झाला, आणि रयतेपासून काय वसूल करावे हे ठरविण्यास धरबंद उरला नाही.

हे राज्य १८१८ साली बुडाले. वर्षाच्या पहिल्याच दिवशी शिरूरच्या छावणीतून निघालेली कंपनीची पलटण कोरेगावी पेशव्यांच्या फौजेशी भिडली, ती लढाई सर्वांस माहीत आहे. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ११ फेब्रुवारी १८१८ रोजी, एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. त्यात वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांच्या नेमणुका पुढे चालविण्याचे वचन होते. अट एवढीच की, घेणाऱ्याने बाजीरावाचा पक्ष सोडून मुदतीत घरी परतावे. राज्य बदलले तरी तिजोरीतून वाहणारे हे पाट एकदम बंद होऊ नयेत, इतके एल्फिन्स्टनला कळत होते. दक्षिणेचीच गोष्ट घ्या. पेशव्यांच्या कारकिर्दीत श्रावणमासी लक्षावधी रुपये वाटले जात. नव्या सरकारने ती रक्कम ५० हजारांवर आणली, तिच्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढे तिचाच काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. आमच्या धंद्यातील पुष्कळांची वंशावळ या दक्षिणेपर्यंत जाते, हे आम्ही विसरत नाही. तिजोरीचा पैसा फुकट घेणाऱ्यांवर लेख लिहिताना लेखकाने आपला पाट आधी दाखवावा, हे बरे.

परंतु सर्वांत मोठा पाट होता खुद्द बाजीरावाचा. ३ जून १८१८ रोजी तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्यास वर्षास आठ लाख रुपये देण्याचे ठरले. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यास ही रक्कम फाजील वाटली. तथापि माल्कमचे वचन मोडणे त्यास प्रशस्त वाटले नाही. बाजीराव कानपुराजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिला आणि २८ जानेवारी १८५१ रोजी वारला. साडेबत्तीस वर्षांत त्यास सुमारे २ कोटी ६० लाख रुपये मिळाले. या अवधीत त्याने कोणते काम करावे, पैसा कोठे खर्च करावा, घरी किती शिल्लक आहे, यांपैकी एकही गोष्ट हप्ता देण्याची अट नव्हती. त्याने जिवंत राहावे व राज्य मागू नये, इतकेच त्याचे काम होते. आणि ते त्याने चोख बजावले.

त्याच्या मृत्यूनंतर डलहौसीने दत्तकपुत्र नानासाहेबांस ही नेमणूक चालू ठेवण्याचे नाकारले. कारणे देताना त्याने हिशेबाचीच भाषा वापरली: मयताने एवढी रक्कम घेतली, मागे २८ लाखांची मिळकत ठेवली, कुटुंबास तेवढे पुष्कळ आहे. म्हणजे घरात काय शिल्लक आहे, हा प्रश्न या घराण्यास प्रथम विचारला गेला तो साडेबत्तीस वर्षांनी. आमच्या मराठी ग्रंथांतून या नकारावर पुष्कळ अश्रू ढाळले गेले आहेत. त्यातील अन्याय आम्ही नाकारीत नाही; अझीमुल्लाखान लंडनपर्यंत जाऊन रिक्त हस्ते परतला, त्याचे काय परिणाम झाले तेही सर्वश्रुत आहे. परंतु त्या अश्रूंत एक गोष्ट वाहून गेली. हे आठ लाख कंपनीच्या भागीदारांनी आपल्या खिशातून दिलेले नव्हते. ते हिंदुस्थानच्या वसुलातून जात, आणि त्या वसुलात बाजीरावाच्या जुन्या रयतेचाही भाग होताच. ब्रह्मावर्ती ही नेमणूक पोचत असता इकडे पुणे जिल्ह्यात प्रिंगल साहेबाची पाहणी चालली होती. निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ प्रमाणे सारा बसवावा, असा त्याचा सिद्धांत कागदावर बिनचूक होता. मात्र जमिनीची प्रत व खर्च यांची मोजणीच चुकीची ठरली, रयत गावे टाकून गेली, आणि १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापुरापासून सारी व्यवस्था पुन्हा मांडावी लागली. पेशवाईचा मक्तेदार गेला, पाहणीचा कामगार आला. देणारा तोच राहिला.

मधल्या थराचीही तपासणी झाली, हे सांगितले पाहिजे. इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यान्वये घरोघरच्या सनदा मागविल्या, आणि ज्यांची दप्तरे कसरीने खाल्ली होती त्यांची इनामेही गेली. त्या कमिशनविषयीचा राग दोन पिढ्यांच्या लिखाणात दिसतो. यावरून प्रश्नांचा क्रम ध्यानात येतो: राजास काही विचारीत नाहीत, इनामदारास कागद विचारतात. तिसऱ्यास काय विचारतात ते १८७७ साली दिसले.

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये गेला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर, भीमथडी, इंदापूर या तालुक्यांत त्याची झळ विशेष लागली. रयत आधीच खिळखिळी झाली होती. सावकारांविरुद्ध सुप्याचा दंगा १२ मे १८७५ रोजी होऊन अवघे दीड वर्ष लोटले होते, आणि त्या दंग्याचे लोण शिरूर तालुक्यातही पोचले होते. वाढविलेल्या साऱ्याचा बोजा हेही त्याचे एक कारण होते, असे पुढील चौकशीत निघाले. अशा स्थितीत सरकारने रस्ते, तलाव, कालवे यांची दुष्काळी कामे काढली. आरंभी पुरुषास दोन आणे, स्त्रीस दीड आणा व मुलास एक आणा रोज होता. धान्य महागले तेव्हा मजुरी भावाशी जोडण्यात आली: पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळावा. त्या एका आण्यात मीठ, मिरची, सरपण, अंगावरचे वस्त्र आणि काम करू न शकणारे घरचे म्हातारे माणूस एवढे सर्व भागवावयाचे होते.

याच सुमारास दिल्लीस १ जानेवारी १८७७ चा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीने 'कैसर-ए-हिंद' ही पदवी धारण केल्याचे जाहीर करण्यासाठी लॉर्ड लिटनने तो भरविला. ६३ संस्थानिक आपापल्या लवाजम्यासह आले, मैलोगणती तंबू पडले, तोफांच्या सलाम्या झाल्या. मद्रास व मुंबई इलाख्यांचे गव्हर्नरही त्या निमित्ताने दिल्लीस गेले होते, आणि दुष्काळाचा खल तेथेच झाला. त्यानंतर सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळी प्रदेशात खास अधिकार देऊन पाठविण्यात आले. खर्चास आळा घालणे हे त्याचे मुख्य काम होते. जानेवारीच्या मध्यास नवे दर लागू झाले: पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, स्त्रीस एक रत्तल आणि पाव आणा, मुलास अर्धे रत्तल आणि पाव आणा. शिवाय गावालगतची लहान कामे बंद करून लोकांस दूरच्या मोठ्या कामांवर धाडावे, आणि जो घर सोडून जाण्यास नाकारील त्यास खरी गरज नाही असे समजावे, असा या धोरणाचा रोख होता.

ही कल्पना दख्खनमध्ये जन्मली नव्हती. विलायतेत १८३४ साली दरिद्री लोकांविषयीचा नवा कायदा झाला. धडधाकट माणसास मदत हवी असेल तर त्याने घर सोडून कामशाळेत यावे, आणि तेथील राहणी सर्वांत गरीब मजुरापेक्षाही कष्टाची असावी, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, असे त्याचे तत्त्व होते. मदत इतकी कडू करावी की भुकेलेल्याशिवाय ती कोणी गिळू नये, असे हे शास्त्र होय. विलायतेसाठी शिजविलेले हे शास्त्र रांजणगाव-पाटस भागातील कुणब्यास वाढण्यात आले. या माणसाचे बैल मेले होते, पेव रिकामे होते, आणि घर सोडावयाचे म्हणजे दावणीस उरलेले एखादे जनावर व अंथरुणास खिळलेली आई मागे टाकून जावयाचे, याचा त्या शास्त्रात विचार नव्हता.

टेंपल साहेबास निष्ठुर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच गृहस्थाने १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून लोकांस इतक्या उदारपणे जगविले होते की, उपासाने मृत्यू फारसे झालेच नाहीत. त्याबद्दल त्यास शाबासकी मिळावयाची ती न मिळता उधळेपणाचा ठपका आला. तीन वर्षांनी त्यास पुन्हा पाठविले, तेव्हा तो शिकलेला धडा बरोबर घेऊन आला. एरवी करड्या माणसाने केलेली काटकसर समजते. एकदा दयाळूपणा करून शिक्षा भोगलेल्या माणसाची काटकसर आम्हांस अधिक भयंकर वाटते. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी एका रत्तलात कष्टाचे काम करणारा देह टिकत नाही असे जोराने प्रतिपादिले. टेंपलने ते मानले नाही. त्याच वर्षाच्या मे महिन्यात तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

लोकांनी मात्र उत्तर दिले. नवे दर लागताच पुणे जिल्ह्यातील हजारो मजुरांनी काम सोडले. अर्धपोटी माणसाने अर्ध्या आण्यासाठी हातची भाकर टाकून देणे, हा प्रकार अधिकाऱ्यांस समजेना. कामावर न येणारे उपाशी नसलेच पाहिजेत, असा तर्क काहींनी काढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांस चिथविले, असाही संशय सरकारदप्तरी उमटला. सभेने चिथविले नसेल, पण ती गप्प बसली नव्हती हे खरे. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेने गावोगावहून दुष्काळाची माहिती जमविली, सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले, आणि कमी केलेल्या मजुरीविरुद्ध स्पष्ट तक्रार केली. सभेचे प्राण गणेश वासुदेव जोशी, ज्यांस पुणे 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखते, ते दिल्लीच्या दरबारासही गेले होते. हिरेमाणकांच्या त्या बाजारात ते हातच्या सुताच्या खादीचा पोशाख करून उभे राहिले आणि सभेचे मानपत्र त्यांनी सादर केले. त्यात नव्या बादशहाबाईंकडे हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मागितला होता. तो पोशाख पाहून कोणास काय वाटले असेल ते असो. त्या गर्दीत दुष्काळी दख्खनची खूण तेवढीच होती.

आता आम्हीही थोडी बेरीज करतो. वर तिला नावे ठेवली असली तरी. आठ लाख रुपयांचे २ कोटी ५६ लाख अर्धे आणे होतात. म्हणजे बाजीरावाच्या एका वर्षाच्या नेमणुकीतून सुमारे ७० हजार मजुरांस टेंपलने कापलेला अर्धा आणा वर्षभर रोज देता आला असता. काळ निराळे, भाव निराळे, तिजोऱ्याही निराळ्या. तेव्हा या हिशेबावरून बाजीरावाच्या तुपाने कुणब्याची भाकर खाल्ली असा निष्कर्ष कोणी काढू नये. दरबार भरला नसता तर दुष्काळ टळला असता असेही नाही. हा आकडा आम्ही केवळ मापासाठी घेतला. एकीकडे आठ लाखांचा हप्ता जाताना कोणी तागडी काढली नाही. दुसरीकडे अर्धा आणा देताना रत्तल, मैल आणि छटाक यांची मोजदाद झाली. राजाच्या बाबतीत सरकार म्हणते की, वचन दिले. मजुराच्या बाबतीत म्हणते की, आळस वाढेल. आठ लाखांनी ब्रह्मावर्ती आळस वाढेल अशी भीती हेस्टिंग्जपासून डलहौसीपर्यंत कोणास पडली नाही. उलट तो वाढावा, हाच त्या करारातील हेतू होता.

या दुष्काळाचे पडसाद रांजणगावच्या परिसरातच पुढे उमटले. पुण्यातील लष्करी हिशेबखात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके दुष्काळी प्रदेशात हिंडले आणि १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी बंड उभारले. त्यांचा पहिला छापा याच शिरूर तालुक्यातील धामारी गावी पडला. हाती आले ते सुमारे चारशे रुपये. फडक्यांच्या धाडसाचे वर्णन करताना हा आकडा सहसा वगळतात, कारण तो वीररसास पोषक नाही. आम्हांस तो फार बोलका वाटतो. राज्य उलथण्यास निघालेल्या माणसास या भागातील सरकारी वसुलाच्या एका साठ्यात चारशे रुपये सापडले, इतका हा मुलूख खंक झाला होता. १८८० साली दुष्काळ कमिशनचा अहवाल आला, पुढे नियमांची संहिता झाली. मजुरीचे माप त्यात सुधारले. पण मदत मागणाऱ्याने आधी श्रमाने आपली भूक सिद्ध करावी, ही कसोटी तीतही राहिली.

स्वराज्यात या गोष्टी बदलल्या, आणि योगायोगाने जवळजवळ एकाच वेळी दोन्ही टोकांस बदलल्या. संस्थाने विलीन होताना राजेलोकांस वार्षिक तनखे कबूल केले होते आणि ते प्राप्तीकरातून मुक्त होते. १९७० च्या सप्टेंबरात ते बंद करण्याचे विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडले. राष्ट्रपतींचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात रद्द केला. अखेर १९७१ च्या डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. त्या वेळी सर्व हिंदुस्थानचे तनखे मिळून पाच कोटींच्या आतच होते. वचनभंगाचा आक्षेप तेव्हाही निघाला, आणि तो निखालस खोटा होता असे आम्हांस म्हणवत नाही. मात्र गंमत अशी की, वचनाची एवढी चाड कुणब्याच्या बाबतीत कधी उत्पन्न झाली नव्हती, कारण त्यास कोणी वचनच दिले नव्हते. ते महाराष्ट्रात दिले गेले. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे ज्या प्रयोगास आरंभ केला, त्यातून रोजगार हमी योजना निघाली. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा दुष्काळी कामांचा प्रचंड विस्तार झाला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे कामावर होती. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्यास काम देणे हे सरकारावर बंधन झाले, न दिल्यास भत्ता. १८७७ साली दूर जाण्यास नाकारणारा गरजू नव्हे असे ठरत होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यात पाच किलोमीटरांच्या आत काम न दिल्यास मजुरीच्या दहावा हिस्सा अधिक द्यावा, असे लिहिले गेले. टेंपलचे मैल उलटे मोजण्यास सव्वाशे वर्षे लागली.

त्या हमीसाठी पैसा उभा करण्यास १९७५ साली व्यवसायकर बसविण्यात आला. आमच्या वेतनातून तो दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० मिळून वर्षास अडीच हजार कापला जातो, आणि प्राध्यापकांच्या खोलीत त्यावर दर फेब्रुवारीत एकदा तरी कुरकूर होते. 'लोकांना फुकट खाण्याची सवय लागली,' हे वाक्य आम्ही तेथे इतक्या वेळा ऐकले आहे की, ते म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी निवृत्तिवेतन, महागाई भत्ता आणि थकबाकी यांचा हिशेब किती मायेने चालतो, हे सांगण्याचा मोह आवरावा लागतो. निवृत्तिवेतन हे भीक नव्हे, केलेल्या सेवेचे देणे आहे, असे उत्तर मिळेल. आणि ते बरोबर आहे. रस्ता बांधणाऱ्याच्या मजुरीविषयी तेच उत्तर का देत नाहीत, एवढेच आमचे विचारणे आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मातोश्रींस घेऊन रांजणगावी गेलो होतो. दर्शन आटोपून त्या सभामंडपाच्या कडेस बसल्या, तेथे पंचाहत्तरीच्या घरातील एक बाई शेजारी येऊन टेकल्या. जवळच्याच एका वाडीवरच्या. बहात्तरच्या दुष्काळात याच सडकेच्या आसपास त्यांनी खडी फोडली होती. "मांडीवर पोर आन् हातात हातोडा," त्या म्हणाल्या. "सुकडी मिळायची. पोर ती खायचं, मी पानी प्यायची. पर गाव नाय सोडलं." मुकादम हजेरीपटावर एखाद्या दिवसाचा खाडा उगाच मांडी, त्याचा राग त्यांच्या बोलण्यात अजून ताजा होता.

आता त्या निराधार योजनेचे पैसे घेतात. ही योजना १९८० सालची. २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० रुपये झाली, आणि अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला तिला लागतो. त्या दाखल्यासाठी त्या आदल्या दिवशी शिरूरला जाऊन आल्या होत्या आणि पुन्हा जावयाच्या होत्या. मातोश्रींनी सहज सांगितले की, आमच्या वडिलांच्या पश्चात त्यांनाही सरकारकडून दरमहा पैसे येतात.

"तुमास्नी किती उत्पन्नाचा दाखला लागतो?" बाईंनी विचारले.

मातोश्री जरा गोंधळल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही सांगितले की, उत्पन्नाचा लागत नाही, आजी. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे माणूस जिवंत आहे एवढाच.

"जित्तं हाय म्हनून?" त्या म्हणाल्या. "येवढंच?"

मग त्यांनी पिशवी उचलली, मातोश्रींच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या, आणि शिरूरची गाडी कोणत्या वेळी सुटते ते आम्हांस विचारू लागल्या.